फौजेतून टॉवेलच्या धंद्यात येणाऱ्या तरुणास

प्रिय कॅप्टन,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा प्रोजेक्ट रिपोर्ट, दोन्ही नीट वाचले. शॉर्ट सर्व्हिसची दहा वर्षं संपवून तू सोलापूरला परत येतोयस. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटीची रक्कम हातात आहे, तीत बँकेचं कर्ज घालून अक्कलकोट रोडला शेड घ्यायची, बारा सेकंडहँड रॅपिअर माग (शटलऐवजी पट्टीने आडवा धागा ओढणारे) टाकायचे आणि पहिल्याच वर्षी टॉवेल परदेशी पाठवायचे, असा तुझा बेत आहे. बेत चांगला आहे, पण त्याचा क्रम पार उलटा लागलाय आणि मला त्याबद्दलच बोलायचंय. रिपोर्टमध्ये यंत्रांची माहिती पानंच्या पानं आहे, पण एका टॉवेलला सूत किती लागतं ही ओळ कुठेच सापडली नाही. टॉवेलच्या धंद्यात कमाई तिथेच होते आणि बुडतंही तिथेच, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

३० बाय ६० इंची टॉवेल धर. ७५ बाय १५० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर. गिऱ्हाइकाने ४५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम, मागितलं तर तयार टॉवेल ५०६ ग्रॅमचा भरायला हवा. बाजारात हाच माल ‘डझनाला किती पौंड’ असाही विचारतात. बारा नगांचे ६ किलो ७५ ग्रॅम, म्हणजे १३.४ पौंड. आता उलटं मागे जा. कोरा टॉवेल उकळून, ब्लीच करून निघाला की कापसातलं मेण, कचरा आणि ताण्यावरची, म्हणजे उभ्या धाग्यांवरची, कांजी जाते आणि वजन साधारण ७ टक्के घटतं. वाइंडिंग (सूत गुंडाळणं), वार्पिंग (ताणा बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, भरणं), मागावरची तुटतूट आणि बीमच्या शेवटी उरणारा तुकडा यांत आणखी ४ टक्के धर. हिशेब मांडलास तर ५०६ ग्रॅमच्या टॉवेलला ५६७ ग्रॅमच्या आसपास सूत विकत घ्यावं लागतं. तू कच्च्या मालाचा खर्च तयार वजनावर काढलायस. नगामागे ६० ग्रॅम सूत तुझ्या कागदावर नाहीच. दिवसाला हजार टॉवेल निघाले तर रोज ६० किलो सुताचे पैसे कुठून येणार ते त्या रिपोर्टला विचार.

सूत घेताना दोन गोष्टी स्वतःच्या हाताने तपास, कुणावर सोडू नकोस. पहिली म्हणजे ओल. कापसाच्या सुतात १०० किलो कोरड्या वजनामागे ८.५ किलो पाणी धरणं हा व्यापारातला मान्य हिशेब आहे. बॅग त्याहून ओली आली तर तू सुताच्या भावाने पाणी घेतोयस. बॅगेतले दहा कोन काढ, रिकाम्या कागदी कोनाचं वजन वजा कर, उरलेलं निव्वळ वजन लिहून ठेव, आणि प्रत्येक लॉटला ते कर. दुसरी म्हणजे काउंट. २० काउंट याचा अर्थ एका पौंडात ८४० यार्डांच्या वीस लच्छ्या. म्हणून १२० यार्ड सूत गुंडाळून अचूक काट्यावर ठेवलंस की ३.२४ ग्रॅम भरायला हवं. ३.४ भरलं तर सूत प्रत्यक्षात १९ काउंटचं आहे, जाड आहे. जाड सुताने टॉवेल जड होतो. गिऱ्हाईक पैसे नगावर देतं, जादा वजन तुझ्या खिशातून जातं. सूत मोजून गुंडाळायचा चरक आणि ग्रॅमच्या दशांश चिन्हापुढे दोन अंक दाखवणारा काटा, एवढी दोन साधनं मागाच्या आधी घे.

फौजेत माल मागितला की स्टोअरमधून इश्यू होतो, सही होते आणि काम सुरू होतं. त्या मालाची किंमत तुकडीच्या कमांडरच्या डोक्यावर नसते. फौजेतून धंद्यात आलेली हुशार, कष्टाळू मुलं नेमकी इथे अडकतात. माणसं सांभाळणं, यंत्राची नोंदवही ठेवणं, वेळेवर तपासणी करणं हे सगळं तू इथल्या निम्म्या कारखानदारांपेक्षा चांगलं करशील, याची मला खात्री आहे. पण सूत, विणकर आणि गिऱ्हाईक या तिघांपैकी एकही तुझ्या हुकमाखाली नाही. तिघांचाही भाव रोज ठरतो.

आता मागाकडे ये. टॉवेलच्या मागावर दोन ताणे असतात, म्हणून दोन बीम. खालच्या बीमवर ग्राउंडचा, म्हणजे कापडाच्या पायाचा ताणा, घट्ट ताणलेला. वरच्या बीमवर पाइलचा, म्हणजे टॉवेलच्या लूपचा ताणा, सैल सोडलेला. सोलापुरात ग्राउंडला बहुधा २/२०, म्हणजे २० काउंटचे दोन धागे पिळलेलं सूत, वापरतात. पाइलला २/२० किंवा १६-२० काउंटचं सिंगल, बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, १६-२० सिंगल. साध्या तीन पिकाच्या, म्हणजे लूपच्या दर ओळीला तीन आडवे धागे असलेल्या, टॉवेलमध्ये पहिले दोन आडवे धागे कापडाच्या कडेपर्यंत न ठोकता थोडे अलीकडेच थांबवतात. तिसऱ्या धाग्याला तो ठोकणारी फणी पूर्ण पुढे येते आणि तिन्ही धागे एकदम कापडाला जाऊन भिडतात. ग्राउंडचा ताणा घट्ट असल्याने जागचा हलत नाही, सैल पाइल मात्र धाग्यांबरोबर पुढे ढकलली जाऊन लूप बनून वर उभी राहते. जुन्या शटल मागावर हे काम लूज रीड करते, म्हणजे दोन धाग्यांना फणी मागे कलते आणि तिसऱ्याला घट्ट बसते. पहिल्या दोन धाग्यांची ही अलीकडची जागा जेवढी लांब, तेवढा लूप उंच.

एखाद्या मागाशेजारी उभा राहून हे बघ, आणि पाच मिनिटांत निघून येऊ नकोस. बोट हलकेच पाइलच्या ताण्यावर ठेव. बीम भरलेला असताना ताण कसा लागतो आणि बीम संपत आल्यावर कसा, यातला फरक बोटाला कळतो. बीमचा घेर कमी होत गेला की एका फेऱ्यात सुटणारं सूत कमी होतं. जॉबरने, म्हणजे माग लावणाऱ्या कारागिराने, ब्रेकचं वजन वेळेवर कमी केलं नाही तर लूप बसके होतात. सकाळचा टॉवेल ५१० ग्रॅम आणि संध्याकाळचा ४८५ ग्रॅम भरण्यामागे बहुतेक वेळा एवढंच कारण असतं, आणि लोक उगाच सुताला दोष देत बसतात. म्हणून मागावरून उतरलेल्या मालातला एक नग दर दोन तासांनी काट्यावर गेला पाहिजे. वजन, वेळ, माग नंबर, विणकराचं नाव, एवढ्या चार रकान्यांची वही पुरे. ही सवय तुला फौजेने आधीच लावलीय, तिचा उपयोग इथे कर.

पाइलच्या सुताची लांबी कापडाच्या लांबीच्या चौपट-पाचपट, भारी मालात त्याहूनही जास्त असते. कापड १०० मीटर विणायला पाइलचा ताणा ५०० मीटर जातो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पाइलचा बीम ग्राउंडच्या कितीतरी आधी संपतो, आणि दर वेळी सांधणीसाठी माग थांबतो. नवखा माणूस दोन्ही बीम सारख्याच घेराचे मागवतो आणि मग माग का उभे म्हणून विणकरावर चिडतो. वार्पिंगला ऑर्डर देण्याआधी दोन्हींची लांबी एकत्र बसून काढ. ग्राउंडचा एक बीम पाइलच्या नेमक्या दोन किंवा तीन बीमांत संपावा, अर्धवट तुकडा मागावर राहू नये.

उत्पादनाचा आकडाही तुझ्या रिपोर्टमध्ये कॅटलॉगमधला आलाय. साध्या शटल मागाचा हिशेब करून बघ म्हणजे कळेल. ६० इंच लांबी, इंचाला ४० पिक, म्हणजे टॉवेलला २४०० आडवे धागे. माग मिनिटाला ११० धाग्यांचा असेल तर २२ मिनिटं, तेही एकदाही न थांबता. शटलमधली कांडी बदलणं, धागा तुटणं, वीज जाणं, चहा हे सगळं धरून ७५ टक्के चाललं तर २९ मिनिटं. बारा तासांच्या पाळीत २४-२५ टॉवेल, आणि मागावर दोन पन्हे शेजारी शेजारी असतील तर ४९-५०. रॅपिअर याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने चालतो, पण कार्यक्षमतेचा टक्का कॅटलॉगमधून उचलू नकोस. एप्रिल-मे मध्ये सोलापूरची हवा कोरडी ठणठणीत असते, पारा चाळिशीच्या वर. सुती धाग्याला ओल असली की तो बळकट राहतो, कोरडा पडला की तुटतो. शेडमध्ये ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता ठेवता आली नाही, तर हिवाळ्यात ८० टक्के चालणारा तोच माग उन्हाळ्यात ६५ वर येतो. शेडचा पत्रा, त्याची उंची आणि पाण्याची सोय यांचा विचार मागाच्या मॉडेलच्या आधी कर.

सेकंडहँड रॅपिअरबद्दल थोडक्यात सांगतो. माग चालू अवस्थेत, पाइल विणताना बघितल्याशिवाय विसार देऊ नकोस. साधं कापड विणताना चांगला चालणारा माग टॉवेल विणताना धाप टाकू शकतो. इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि पाइलचा ताणा सोडणारी लेट-ऑफची मोटर सोलापुरात दुरुस्त करणारा माणूस कोण, तो किती दिवसांत येतो, हे आधी विचार. जेकार्ड, म्हणजे नक्षी विणणारी जोड, असेल तर प्रत्येक हुक उचलून बघायला लाव. आणि बारा वेगवेगळ्या बनावटीचे माग स्वस्त मिळाले तरी घेऊ नकोस. एकाच बनावटीचे सहा बरे, सुटे भाग एकमेकांना लागतात.

रंगाईचं युनिट स्वतःचं टाकायचा विचार पहिली तीन वर्षं तरी मनातून काढ. सांडपाण्याची प्रक्रिया, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, बॉयलर आणि पाणी यांत तुझं भांडवल अडकून पडेल. चांगल्या प्रोसेस हाऊसला माल दे, पण तिथे काय चालतं ते तुला मागाइतकंच कळलं पाहिजे. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड आहे. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे रंग नीट विरघळत नाही, डाग पडतात आणि टॉवेल हाताला खरखरीत लागतो. सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्याची हार्डनेस ते रोज तपासतात का, ही पहिली चौकशी. हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच केल्यावर उरलेलं पेरॉक्साइड पूर्ण मारलं नाही, तर रिअ‍ॅक्टिव्ह रंग फिका आणि ठिकठिकाणी वेगळा चढतो. मीठ आणि सोडा घालून ६० अंशांवर रंग बसवल्यानंतर न चिकटलेला रंग ९० ते ९५ अंशांच्या पाण्यात साबणाने धुऊन काढावाच लागतो. घाईच्या दिवसांत काटछाट होते ती याच धुण्यात, कारण वाफ आणि पाणी दोन्ही महाग. तिथे वाचवलेला रुपया गिऱ्हाइकाच्या वॉशिंग मशिनमध्ये बाहेर येतो.

गडद लाल, नेव्ही आणि काळा हे तीन रंग मागितले की ओल्या घासण्याची चाचणी आधी करून घे. गिऱ्हाईक पाचपैकी चार गुण मागेल आणि या रंगांना ओल्या घासण्यात ते सहसा मिळत नाहीत. तसं लेखी कळवायचं, ऑर्डर घेण्याआधी. हॉटेलसाठी रंगीत टॉवेल असेल तर क्लोरीनला टिकणाऱ्या व्हॅट जातीच्या रंगाचाच आग्रह धर. हॉटेलची लाँड्री क्लोरीन वापरते आणि तिथे बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह रंग उडतात.

पाणी शोषणं हा टॉवेलचा धर्म. शोरूममध्ये हाताला मऊ लागावा म्हणून सिलिकॉनचं सॉफ्टनर भरमसाट मारतात, आणि मग टॉवेल अंगावरून पाणी नुसतं सारत राहतो. दोन इंची चौकोन कापून बादलीतल्या पाण्यावर अलगद ठेव. पाच सेकंदांत बुडाला तर उत्तम, दहापर्यंत चालेल, तरंगत राहिला तर तो लॉट परत. कांजी नीट न निघाल्यानेही असंच होतं, म्हणून सॉफ्टनर मारण्याआधी आणि मारल्यानंतर अशी दोनदा चाचणी घे. दोष कुठला ते लगेच कळतं. आकुंचनासाठी टॉवेलवर ५० सेंटिमीटरच्या खुणा कर, तीन धुण्यांनंतर मोज, आणि जेवढा आटला तेवढी लांबी मागावरच वाढवून विण. सोलापुरी टेरी टॉवेल आणि सोलापुरी चादर या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. त्या नावाखाली तरंगणारा टॉवेल विकला गेला की नुकसान सगळ्या गावाचं होतं, एवढं लक्षात असू दे.

निर्यातीबद्दल तू लीला हॉटेल्सचे संस्थापक कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांचं उदाहरण दिलंयस. उदाहरण योग्य आहे, पण त्यातला जो भाग तुला भावलाय तो सोडून दुसऱ्या भागाकडे बघ. कण्णूरचा हा माणूस महायुद्धाच्या काळातला, सैन्यात कॅप्टन झाला आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेर पडून सासऱ्यांच्या विणकामाच्या धंद्यातून हातमागाच्या कापडाकडे वळला. १९५८ साली त्यांचं मद्रास चौकडीचं कापड अमेरिकन आयातदारामार्फत ब्रुक्स ब्रदर्स या कपड्यांच्या कंपनीकडे पोचलं. कपडे विकले गेले, लोकांनी घरी धुतले आणि रंग एकमेकांत उतरले. तक्रारींचा पाऊस पडला. नंतर ‘हमखास रंग सोडणारं कापड’ अशीच त्याची जाहिरात झाली आणि तोच माल अमेरिकेत फॅशन म्हणून गाजला. सगळे त्या जाहिरातीच्या कल्पकतेचं कौतुक करतात. मला मोलाचं वाटतं ते त्याआधीचं. कापड थंड पाण्यात, हलक्या हाताने धुवायचं ही सूचना नायर यांनी आयातदाराला दिलेली होती, पण ती पुढे दुकानापर्यंत आणि गिऱ्हाइकापर्यंत गेली नाही. तोंडी किंवा एका पत्रात दिलेली सूचना मधल्या माणसापाशी थांबते. म्हणून धुण्याची सूचना लेबलवर छापून टॉवेलच्या शिलाईतच शिवली गेली पाहिजे, कार्टनवर आणि इन्व्हॉइसवरही आली पाहिजे. आज रंग उतरला तर त्याची कुणी फॅशन करणार नाही. थेट बिलातून रक्कम कापली जाते.

नायर यांच्या आयुष्यातून आणखी एक घे. ते आधी विणकरांत वावरले, मग परदेशी गिऱ्हाईक, मग मुंबईत लेसचा कारखाना, आणि हॉटेलचा धंदा पासष्टीच्या घरात. एकेक पायरी पक्की झाल्यावर पुढची.

तुझ्यासाठी तो क्रम मी असा लावेन. पहिले सहा महिने एखाद्या चांगल्या कारखान्यात बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर राहा. दोन महिने वाइंडिंग-वार्पिंग, तीन महिने माग, एक महिना शिलाई-तपासणी. डीजीआरमार्फत (सैनिकांच्या पुनर्वसनाचं महासंचालनालय) मिळणारा व्यवस्थापनाचा कोर्स करायचा असेल तर तो त्याआधी उरक. पुढचं एक वर्ष मागाशिवाय धंदा कर. सूत तुझं, विणकाम दुसऱ्याच्या मागावर मजुरीने, रंगाई प्रोसेस हाऊसला, शिलाई आणि तपासणी मात्र स्वतःच्या जागेत. या वर्षात गिऱ्हाईक कोण, पैसे कधी देतं, कुठला माल परत येतो हे सगळं कळतं, आणि चुकलं तरी कर्जाचा हप्ता मानगुटीवर नसतो. माग त्यानंतर, तेही सहाच. निर्यात तिसऱ्या वर्षी, आणि तीही आधी मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत, म्हणजे दुसऱ्यांचा माल परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत. आयातदारांच्या मागण्या, कापडात घातक रसायनं नसल्याचं ओको-टेक्सचं प्रमाणपत्र, धातुशोधक यंत्रातून प्रत्येक नग काढणं ही शिस्त तिथे अंगवळणी पडते. मग स्वतःचा आयईसी (आयात-निर्यात कोड), आणि टेक्सप्रोसिल किंवा पीडेक्सिल या निर्यात परिषदांपैकी एकीची नोंदणी. सुती टेरी टॉवेलचा सीमाशुल्कासाठीचा एचएस क्रमांक ६३०२६० आहे, तो पाठच कर. भाडं काढताना लक्षात ठेव, की टॉवेलचा कंटेनर वजनाच्या मर्यादेआधी जागेने भरतो. दाबून पॅक केलं तर भाडं वाचतं, पण जास्त दाबलं तर लूप मोडतात. एक कार्टन महिनाभर बांधून ठेव, मग उघडून टॉवेल झटक आणि बघ.

फौजेलाच टॉवेल पुरवायचे, हा तुझा दुसरा विचार सध्या बाजूला ठेव. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नोंदणी सोपी आहे, पण भाव सगळ्यात कमी देणाऱ्याला काम मिळतं, वजन-रंगाची मर्यादा काटेकोर असते, आणि नाकारलेला ऑलिव्ह ग्रीन लॉट दुसऱ्या कुठल्या दुकानात खपत नाही. ओळखीचा उपयोग होईल असं वाटत असेल तर तेही काढून टाक. तपासणी करणारा तुझी सर्व्हिस बघणार नाही आणि त्याने बघूही नये.

उधारीवर जरा जास्त लिहितो. सूत तू रोखीने किंवा आठ-पंधरा दिवसांत घेशील. माल मागावर, रंगाईत, शिलाईत मिळून महिनाभर फिरेल. व्यापारी ६० ते ९० दिवसांनी पैसे देईल. म्हणजे आज सुतात घातलेला रुपया चार महिन्यांनी हाती येतो. महिन्याला दहा लाखांचं सूत लागत असेल तर सुतातच चाळीस लाख अडकतात, मजुरी, वीज आणि रंगाई वेगळी. तुझ्या रिपोर्टमध्ये खेळतं भांडवल महिनाभराचं धरलंय. बहुतेक नवे कारखाने सात-आठ महिन्यांत सूत घ्यायला पैसे नाहीत म्हणून थांबतात, आणि तेव्हा मागही चांगले असतात, मालही चांगला असतो. उद्यम नोंदणी पहिल्या दिवशी कर. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६चा कायदा आहे, आणि आता आयकर कायद्यातही तशी तरतूद आल्याने खरेदीदाराला उशीर महागात पडतो. तरीही दर बिलाला कायदा दाखवत बसलास तर गिऱ्हाईक टिकणार नाही. त्यापेक्षा रोखीला दीड-दोन टक्के सूट दे, आणि कुठल्याही एका व्यापाऱ्याकडे एकूण येणे रकमेच्या चौथाईपेक्षा जास्त अडकू देऊ नकोस. वीज सवलतीच्या दराने मिळेल हे धरून हिशेब मांडू नकोस. पूर्ण दराने कारखाना टिकतो का ते आधी बघ, सवलत मिळाली तर वरकड.

माणसांबद्दल तुला शिकवावं असं फारसं नाही, फक्त गावाची जाण ठेव. पूर्व भागातले बहुतेक विणकर पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे, पिढ्यान्‌पिढ्या मागावर असलेले. धागा कुठे तुटलाय हे ते आवाजावरून सांगतात. कामापुरती तेलुगू शिक. वयाने मोठ्या विणकराला मामा किंवा अन्ना म्हण, पहिल्या नावाने हाक मारू नकोस, मोठ्या आवाजात तर नकोच. या गावाने १९३० साली मार्शल लॉ सोसलाय आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात आपली चार माणसं फासावर गमावलीत. हुकमाच्या सुराला इथलं मन लगेच आखडतं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो, संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. त्या दिवसांत माग बंद असतात हे धरूनच डिलिव्हरीची तारीख दे. दिवाळीनंतर गावी गेलेली माणसं परतायला वेळ लागतो, तोही धर. मजुरी नगावर असली तरी खराब नगाचे पैसे सरसकट कापू नकोस. दोष सुताचा, बीमचा, मागाचा की हाताचा, हे विणकराला शेजारी उभं करून ठरव. दिव्याखाली तिरक्या टेबलावर टॉवेल पसरलास की पाइल तुटलेली रेघ, तेलाचा डाग, माग थांबून सुरू झाल्याची आडवी पट्टी, किनारीचा सैल धागा, सगळं दिसतं. सलग उभी रेघ दिसली तर ती फणीची किंवा ताण्याची चूक आहे, विणकराची नव्हे. माणसं दहा झाली की ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि वीस झाली की पीएफ लागू होतो. संख्या कागदावर कमी दाखवायचा सल्ला तुला हमखास मिळेल, तो मानू नकोस. मागावर बोट गेलेल्या माणसाला दवाखान्यात नेताना ते कार्ड लागतं.

आणि आग. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतच टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जीव गेले, त्यात लहान मूलही होतं. ही गोष्ट मी शेवटी लिहितोय, पण तू ती सगळ्यात आधी कर. तू बघितलेल्या शेडला वर पोटमाळा आहे आणि कामगारांना राहायला जागा म्हणून तो तुला सोयीचा वाटतोय, असं लिहिलंयस. शेडमध्ये कुणीही झोपणार नाही, मालकही नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून लाव. पोटमाळा रिकामा राहू दे, नाहीतर पाडून टाक. पाइलच्या सुताची लव मोटरवर, ट्यूबवर आणि पत्र्याच्या कैच्यांवर साचते. ती दर पाळीला झाडून किंवा शोषून काढायची, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, कारण उडवलेली लव पॅनेल बोर्डात जाऊन बसते. सुताचं आणि तयार मालाचं कोठार मागांपासून भिंतीने वेगळं. समोरासमोर दोन दरवाजे, दोन्ही बाहेरच्या बाजूला उघडणारे, रात्रपाळीत एकालाही बाहेरून कुलूप नाही. वाटेत बीम किंवा गठ्ठे ठेवायचे नाहीत. पॅनेलजवळ कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, सुताजवळ पाणी आणि एबीसी पावडर. सुताचा गठ्ठा वरून विझलेला दिसला तरी आत धुमसत राहतो, म्हणून तो फोडून बाहेर काढल्याशिवाय आग विझली असं समजू नये. महिन्यातून एकदा माग बंद करून सगळ्यांना बाहेर पळवायचं, रात्रपाळीलाही. कारखानदार म्हणतील, पंधरा मिनिटांचं उत्पादन बुडतं. बुडू दे.

शेडचा विसार अजून दिला नसशील तर थांब. जागेचा नकाशा, मंजूर वीजभार, मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल एवढं मागवून घे आणि मला पाठव. सोबत ५६७ ग्रॅमपासून सुरू होणारा नवा खर्चाचा तक्ता, तुझ्या हाताने मांडलेला. येत्या आठवड्यात आलास तर एका वार्पिंगवाल्याकडे तुला दोन महिने बसवायचं बोलून ठेवतो.

तुझा हितचिंतक